डोंगरासाठी जोडा निवडताना

शनिवारी रात्री सीएसएमटीहून सुटणाऱ्या शेवटच्या कसारा लोकलमध्ये ट्रेकर मंडळींच्या पायांकडे पाहावं. कुणी घोटा झाकणारे जाडजूड बूट घातलेले असतात, कुणी जिममधले पांढरेशुभ्र रनिंग शूज, कुणी रोजचे फ्लोटर्स, तर एखाद्याच्या पायात दोनदा शिवून घेतलेले जुने ‘ॲक्शन’ असतात. पहाटे ही मंडळी बारी किंवा रतनवाडी गाठतात आणि कळसूबाईच्या नाहीतर रतनगडाच्या वाटेला लागतात. चढताना सगळ्यांचं जवळपास सारखंच चालतं. फरक कळतो तो दुपारी उतरताना. कुणी गप्पा मारत उतरत असतं, तर कुणी प्रत्येक पायरीला पाऊल आडवं टाकून, कठड्याला धरून, अंगठा सांभाळत. कोणाच्या बुटाला किती पैसे पडले, याच्याशी या फरकाचा फारसा संबंध नसतो.

संबंध असतो तो दोन गोष्टींशी: त्या जमिनीवर जोडा धरतो का, आणि त्या पायाला तो नीट बसतो का. दुकानात मात्र या दोन्ही गोष्टी मागे पडतात. तिथे ‘वॉटरप्रूफ’ ही चिठ्ठी, घोट्याची उंची आणि रंग यांवर खरेदी ठरते. सह्याद्रीत फिरणाऱ्याने हा क्रम उलटा करावा.

सह्याद्री म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक बसलेले थर. त्यामुळे इथली वाट एका दिवसात चार रूपं घेते. पायथ्याला भातखाचरांच्या बांधांवरचा चिखल, मग झाडीतली मातीची पायवाट, तिच्या वर मुरमाचा घसारा आणि शेवटी उघडा कातळटप्पा. ऋतूंप्रमाणे हीच वाट पुन्हा बदलते. जुलैत कातळावर शेवाळ असतं, नोव्हेंबरात उतारावर वाळलेलं गवत आडवं पडून गुळगुळीत होतं, आणि मार्च-एप्रिलमध्ये त्याच उतारावर सुटे खडे पायाखालून निसटतात. परदेशी जंगलवाटांसाठी बनवलेला उत्तम बूट इथे कमी पडतो, तो या कारणाने.

म्हणून पहिली तपासणी तळाची.

डोंगरात चालण्याच्या आजच्या रबरी तळाची कहाणी एका अपघातातून सुरू होते. १९३५ मध्ये इटालियन आल्प्समध्ये विताले ब्रामानी या गिर्यारोहकाचे सहा सोबती दगावले. त्या काळी पायथ्यापर्यंत खिळे ठोकलेले जड बूट वापरत आणि कातळावर चढताना ते काढून पातळ तळाचे हलके जोडे घालत. त्या दिवशी हवामान बिघडलं आणि त्या हलक्या जोड्यांनिशी थंडीत, बर्फात उतरणं त्यांना शक्य झालं नाही. एकाच तळाने कातळ, चिखल आणि बर्फ तिन्हीवर चालता यावं, म्हणून ब्रामानींनी खोल खाचांचा रबरी सोल बनवला आणि १९३७ मध्ये तो बाजारात आणला. त्यांच्याच नावावरून ‘विब्रम’ हे नाव आलं. १९५४ मध्ये के-टू पहिल्यांदा सर करणाऱ्या इटालियन मोहिमेच्या बुटांना हाच सोल होता.

आज पिवळ्या अष्टकोनातली ती खूण अनेक महागड्या बुटांच्या तळाला दिसते. पण त्याच कंपनीची रबरंही वेगवेगळी असतात. काही झिजू नयेत म्हणून कडक, काही धरावं म्हणून मऊ. खूण पाहून थांबू नये, रबर हाताने पाहावं. तळाच्या उंचवट्यावर अंगठ्याचं नख जोरात दाबायचं. किंचित दबलं आणि बोट घासल्यावर ते अडखळलं, तर ते रबर ओल्या कातळावर बऱ्यापैकी धरेल. नख घसरलं आणि पृष्ठभाग प्लास्टिकसारखा चकचकीत लागला, तर खाचा कितीही खोल असोत, पावसाळ्यात तो बूट घसरणार. रनिंग शूजच्या फोमसारख्या हलक्या फायलॉन तळाचं आणि स्वस्त पीव्हीसी तळाचं हेच होतं. शाळेच्या पीटीचे पांढरे कॅनव्हास बूट घालून मुलांना गडावर नेणाऱ्या पालकांनी आणि शिक्षकांनीही हे ध्यानात घ्यावं. त्या बुटांचा तळ वर्गाच्या फरशीसाठी आणि मैदानासाठी असतो.

‘ॲक्शन’चे साधे ट्रेकिंग शूज महाराष्ट्रात इतकी वर्षं टिकले, त्यामागे हेच कारण आहे. दिसायला ओबडधोबड, आतून गादी जेमतेम, पण तळाचं रबर कातळाला धरतं आणि किंमत विद्यार्थ्यालाही परवडते. नंतर डेकॅथलॉनच्या ‘क्वेचुआ’ने बरीच गर्दी आपल्याकडे खेचली. त्या जोड्यांत गादी आणि बसवण अधिक चांगली असते; तळ मात्र मॉडेलप्रमाणे बदलतो, म्हणून प्रत्येक वेळी नख लावून पाहणं सुटत नाही.

खाचांचंही एक गणित आहे. चिखलात आणि भुसभुशीत मातीत खोल, एकमेकींपासून लांब असलेल्या खाचा हव्यात, म्हणजे त्या रुततात आणि चिखल झटकून टाकतात. कातळावर उलट असतं. तिथे जितकं जास्त रबर दगडाला टेकेल तितकं चांगलं. हरिहरच्या कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्यांवर कित्येक ठिकाणी पाऊल पूर्ण मावत नाही आणि शरीराचा भार पुढच्या चवड्यावर येतो. तिथे फार जाड, फार रुंद तळाचा बूट अडचणीचा ठरतो, कारण पायाखाली काय आहे ते कळतच नाही. चार-पाच मिलिमीटरच्या खाचा, पुढच्या बोटांखाली थोडा सपाट रबरी भाग आणि बोटांवर दगड आपटला तर सांभाळणारं रबरी टोपण, एवढं असलेला मध्यम जाडीचा जोडा सह्याद्रीत बहुतेक ठिकाणी पुरतो.

एक गोष्ट मात्र ठासून सांगायला हवी. हिरव्या-काळ्या बुळबुळीत शेवाळावर कुठलंही रबर धरत नाही. कळसूबाईच्या ओल्या लोखंडी शिड्यांवरही नाही. महागडे बूट घातल्यामुळे बेफिकीर झालेला माणूस धबधब्याच्या काठी साध्या जोड्यातल्या सावध माणसापेक्षा जास्त धोक्यात असतो. शेवाळलेल्या कातळावर पाऊल खडबडीत कडेला, खोबणीत किंवा गवताच्या मुळाशी टाकायचं, शिडीवर तोंड शिडीकडे ठेवून उतरायचं, आणि वाट फारच निसरडी असेल तर परत फिरायचं. त्या ठिकाणी बुटाचं काम संपलेलं असतं.

आता ‘वॉटरप्रूफ’. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी एक खास प्लास्टिक झटक्याने ताणलं आणि असंख्य सूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा तयार झाला. त्यातून घामाची वाफ जाते, पण पाण्याचा थेंब जात नाही. गोर-टेक्स ते हेच. बर्फात आणि दवाने भिजलेल्या गवतात हा पापुद्रा फार उपयोगी पडतो. पण सह्याद्रीच्या पावसात पाणी बुटाच्या कापडातून शिरत नाही, ते वरून शिरतं. पायावरून ओघळणारा पाऊस, गुडघाभर ओढे, भातखाचरं. एकदा आत गेलेलं पाणी तो पापुद्रा बाहेर जाऊ देत नाही. बूट दिवसभर आतून ओला राहतो आणि दुसऱ्या दिवशीही वाळत नाही. त्यापेक्षा जाळीदार कापडाचा जोडा बरा. तो लगेच भिजतो, पण पाणी लगेच बाहेरही टाकतो, आणि चालता चालता बराचसा सुकतो. पावसाळी ट्रेकसाठी जाळीदार, न-वॉटरप्रूफ जोडा घ्यावा, हा सल्ला दुकानात फारसा मिळत नाही.

जाळीचा एक तोटा ऑक्टोबरनंतर कळतो. डोंगर कुसळी गवताने भरलेले असतात आणि ती कुसळं जाळीतून, मोज्यांतून आत घुसून चालताना टोचत राहतात. हाताने एकेक काढायला बसलं की अर्धा तास जातो आणि दहा मिनिटांत नवी येतात. त्या दिवसांत घट्ट विणीच्या कापडाचा बूट, गुळगुळीत पोताचे मोजे, किंवा घोट्याभोवती बांधायचे गेटर्स उपयोगी पडतात. गेटर्समुळे घसाऱ्यावरचे बारीक खडेही आत जात नाहीत.

तळ आणि कापड ठरलं की उरतो पाय, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

भारतात मिळणारे बहुतेक जोडे ब्रिटिश, युरोपीय किंवा अमेरिकी मापांच्या साच्यांवर बेतलेले असतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापं घेतली. त्यातून भारतीय पाय या साच्यांपेक्षा साधारणपणे रुंद असल्याचं दिसलं आणि ‘भा’ नावाची स्वतंत्र मापपद्धत सुचवण्यात आली. आपल्याकडे अनेकांचं बालपण अनवाणी किंवा चपलेत गेलेलं असतं, पुढचा चवडा पसरट असतो. असा माणूस निमुळत्या बुटात पाय कोंबतो आणि रुंदी मिळावी म्हणून लांबीने मोठा नंबर घेतो. मग टाच आत वर-खाली होते, करंगळी तरीही दाबली जाते, आणि दोन्हीकडे फोड येतात.

हे टाळण्याचा मार्ग सोपा आहे. बुटातला आतला सुटा तळवा बाहेर काढून जमिनीवर ठेवायचा आणि त्यावर मोजा घालून पूर्ण भार देऊन उभं राहायचं. पाय दोन्ही बाजूंनी त्या तळव्याबाहेर सांडत असेल, तर तो साचा आपला नाही. नंबर बदलून उपयोग नाही, मॉडेल किंवा कंपनी बदलावी. पाय रुंदीत बसत असेल तर पुढे पाहायचं. सर्वांत लांब बोटापुढे बोटभर जागा उरायला हवी, म्हणजे एक ते दीड सेंटिमीटर. ते सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असं नाही, अनेकांचं दुसरं बोट लांब असतं. दोन्ही पाय मोजावेत, कारण ते क्वचितच सारखे असतात. खरेदी मोठ्या पायाच्या मापाने करावी.

खरेदीला संध्याकाळी जावं. दिवसभर उभं राहून पाय थोडे सुजलेले असतात, आणि गडावर चार तास चालल्यानंतर ते तसेच होतात. सकाळी अगदी चपखल बसलेला जोडा दुपारी उतारावर लागायला लागतो. ट्रेकला वापरायचे तेच मोजे घालून माप घ्यावं. ब्रिटिश पद्धतीत अर्ध्या नंबरचा फरक चार मिलिमीटरहून थोडा जास्त असतो. जाड मोज्यांमुळे तेवढा फरक सहज पडतो.

“वापरून वापरून सैल होईल,” असं विक्रेता म्हणाला तर तो जोडा खाली ठेवावा. चामडं थोडं ताणतं, हे खरं. पण आजचे बहुतेक ट्रेकिंग शूज सिंथेटिक कापडाचे असतात आणि त्यांना बोटांवर व टाचेमागे टणक टोपणं असतात. ती ताणत नाहीत. दुकानात जिथे लागतं, तिथेच गडावर फोड येतो.

खरी परीक्षा उताराची आहे. काही दुकानांत छोटा उतार बांधलेला असतो, तिथे खाली तोंड करून उभं राहून पाय आपटून पाहावं. बोटं पुढे लागली तर लेस टाचेकडून घट्ट करून पुन्हा पाहावं, तरीही लागली तर जोडा नको. उतार नसेल तर घरी आणून, न झिजवता, इमारतीचे जिने चढ-उतार करावेत. पाठीवर सॅकमध्ये पाण्याच्या चार बाटल्या ठेवून. बाहेर वापरला नसेल तर बदलून मिळण्याची शक्यता राहते, म्हणून बिल आणि खोका जपावा. या चढ-उतारात टाच किती उचलली जाते ते कळतं. अगदी किंचित उचलली तर चालतं, पण प्रत्येक पायरीला घासत असेल तर नाही.

मग नवा जोडा थेट राजगड-तोरणासारख्या लांब वाटेवर नेऊ नये. पुण्यातल्यांना पर्वती, वेताळ टेकडी आणि नंतर सिंहगड आहे, मुंबईकरांना कान्हेरीची वाट, नाशिककरांना पांडवलेणी, कोल्हापूरकरांना जोतिबाचा डोंगर. आठवडाभर संध्याकाळी चालून, एकदा अर्ध्या दिवसाचा गड करून जोडा आणि पाय एकमेकांना ओळखीचे झाले की मोठी वाट धरावी.

स्त्रियांसाठी अनेक कंपन्या वेगळे साचे करतात. टाचेला निमुळते आणि चवड्याला तुलनेने रुंद. बऱ्याच दुकानांत मात्र स्त्रियांच्या बाजूला रंग भरपूर आणि तळ मऊ-गुळगुळीत, असं चित्र असतं. अशा वेळी पुरुषांच्या विभागातले लहान नंबर बेलाशक घालून पाहावेत. टाच नीट बसत असेल तर काहीच अडत नाही. वाढत्या वयाच्या मुलांसाठी महाग बूट घेऊन पुढच्या वर्षीसाठी दोन नंबर मोठे ठेवणं धोक्याचं आहे, कारण सैल बुटात मूल अडखळतं. साधा, चांगल्या रबराचा, बरोबर मापाचा स्वस्त जोडा घ्यावा.

घोटा झाकणारे बूट मुरगळण्यापासून वाचवतात, हा समज फार पक्का आहे. १९९३ मध्ये अमेरिकेत विद्यापीठातल्या सहाशेहून अधिक बास्केटबॉल खेळाडूंना उंच आणि आखूड बूट वाटून पाहिले गेले. मुरगळण्याच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही. मैदान आणि डोंगर एक नाहीत, हे मान्य करूनही, केवळ उंचीवर भिस्त ठेवू नये एवढं त्यातून नक्की निघतं. घोटा सांभाळतात ते पोटऱ्यांचे स्नायू, न थकलेले पाय आणि टाचेला घट्ट बसलेला जोडा. उंच बुटांचा उपयोग वेगळा आहे: काटे, दगडांचे ओरखडे, खडे आणि काही प्रमाणात साप. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या जांभ्याच्या सड्यांवर दगडांखाली फुरसं असतं, आणि ते छोटं असल्याने पावलाला किंवा घोट्याजवळच चावतं. तिथे घोटा झाकलेला बरा.

वजनाचं मात्र नेमकं मोजमाप झालेलं आहे. पायात शंभर ग्रॅम वाढले की चालायला लागणारी ऊर्जा साधारण एक टक्क्याने वाढते. पायावरचं एक किलो पाठीवरच्या पाच-सहा किलोंइतकं दमवतं, असं ओझं वाहण्यावरच्या अभ्यासांत दिसून आलं आहे. म्हणून दोन दिवसांच्या सह्याद्री ट्रेकला दीड किलोच्या जोडीची गरज नसते. अमेरिकेतल्या एमा गेटवूड यांनी १९५५ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, सुमारे ३,३०० किलोमीटरची अॅपलाचियन ट्रेल एकट्याने चालून पूर्ण केली, ती साध्या कॅनव्हासच्या बुटांत. खांद्यावर एक घरी शिवलेली पिशवी होती. कित्येक जोड झिजले, पण पाठीवर ओझं नसल्यामुळे हलक्या जोड्याने भागलं. यातला धडा ओझ्याचा आहे. पाठीवर पाच-सात किलो असतील तर हलका लो-कट जोडा पुरतो. तंबू, शिधा, भांडी मिळून पंधरा किलो झाले की तळ कडक आणि बांधणी मजबूत हवी.

चपलेत किंवा अनवाणी भराभर कातळ चढणारा गावातला वाटाड्या पाहून शहरातल्या माणसाने तसं करू नये. त्याच्या पायाची कातडी, बोटांची पकड आणि प्रत्येक दगडाची ओळख ही लहानपणापासूनची कमाई आहे.

बुटाइतकंच महत्त्व मोज्यांना आहे. सुती मोजे घाम आणि पाणी धरून ठेवतात. ओली कातडी मऊ होते, घासते आणि फोड येतो. लोकरीचे किंवा पॉलिएस्टर-नायलॉनचे मोजे घ्यावेत, बोटांवर शिवण टोचत नाही ना ते पाहावं आणि एक कोरडी जोडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सॅकच्या आत ठेवावी. ज्यांना नेहमी फोड येतात त्यांनी पातळ मोज्यावर जाड मोजा घालून पाहावा. घर्षण दोन मोज्यांमध्ये होतं, कातडीवर कमी.

औषधाच्या दुकानात मिळणारी कागदी सर्जिकल टेप, जिला सगळे मायक्रोपोर म्हणतात, ती फोडांवर सर्वांत स्वस्त उपाय आहे. स्टॅनफर्डच्या ग्रँट लिपमन यांनी अतिलांब पल्ल्याच्या धावपटूंवर केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या जागी टेप लावली होती तिथे फोडांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतं. टेप ट्रेकला निघण्याआधी, कोरड्या पायाला, सुरकुती न पडू देता लावायची. टाच, अंगठ्याची बाजू, करंगळी. चालताना एखादी जागा गरम लागायला लागली की गटाला थांबवायला संकोचू नये. त्या पाच मिनिटांत टेप लावली तर पुढचे पाच तास वाचतात. नखं दोन दिवस आधी सरळ कापावीत. उतरणीला लागण्यापूर्वी लेस पुन्हा बांधावी: चवड्यावर थोडी सैल, घोट्याच्या वळणावर दुहेरी पीळ देऊन घट्ट, म्हणजे पाय पुढे सरकत नाही आणि अंगठ्याचं नख काळं पडत नाही.

पावसाळ्यात दोन दिवस पाय ओले राहिले की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. मुक्कामी पोचल्यावर पाय धुऊन, बेचक्या पुसून, उघड्या ठेवून वाळवाव्यात आणि झोपताना कोरडे मोजे घालावेत. पायाला जखम असेल तर साचलेल्या गढूळ पाण्यातून जाऊ नये, कोकणात पावसाळ्यात लेप्टोची भीती खरी आहे. मधुमेह असलेल्यांनी तर रोज रात्री बॅटरीच्या उजेडात तळवे पाहावेत, कारण फोड आला तरी त्यांना अनेकदा दुखत नाही आणि कळत नाही.

मुक्कामाचा विषय निघालाच आहे, तर दुसऱ्या जोड्याबद्दल. पवना किंवा भंडारदऱ्याच्या काठी गाडी नेऊन तंबू ठोकणाऱ्यांना जागेची अडचण नसते, तरी ते एकच बूट घेऊन जातात. तंबूभोवती वावरायला, पाणी आणायला, रात्री बाहेर जायला मागे पट्टा असलेली सँडल हवी. बोटात अडकवायची स्लिपर चिखलात तिथेच राहते. सांदण दरीसारख्या ठिकाणी, जिथे थंड पाण्याच्या डोहातून आणि मोठाल्या शिळांवरून जावं लागतं, तिथे हीच पट्ट्याची सँडल पाण्यासाठी वापरता येते. ओढा अनवाणी ओलांडू नये. सँडल नसेल तर मोजे आणि आतला तळवा काढून, नुसता बूट घालून उतरावं. चिखलाळलेल्या तळाने गाडी चालवायला बसणं टाळावं, पाय पेडलवरून सटकतो.

रात्री बूट तंबूच्या आत, तोंड मोज्याने बंद करून ठेवावेत आणि सकाळी उलटे करून आपटल्याशिवाय घालू नयेत. कोकणातला लाल विंचू अशाच अंधाऱ्या, उबदार जागा शोधतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिनच्या उपचाराने या विंचवाच्या दंशाने होणारे मृत्यू झपाट्याने कमी करून दाखवले. पण ते औषध दवाखान्यात मिळतं आणि दवाखाना गडाच्या माथ्यापासून काही तासांवर असतो. आंबोली, कोयना भागात पावसाळ्यात जळवांसाठी पँट मोज्यांत खोचावी. जळू लागलीच तर ओढू नये. नख कातडीला टेकवून तिचं तोंड बाजूला सरकवलं की ती सुटते.

हिमालयात जाणाऱ्यांसाठी हिशेब बदलतो. दर उन्हाळ्यात यूथ हॉस्टेल्सच्या सार पाससारख्या ट्रेकला महाराष्ट्रातून मोठ्या संख्येने मुलं जातात. तिथे बर्फ आहे, रात्र गोठवणारी आहे, आणि ओला पाय हिमदंशाला आमंत्रण देतो. तिथे वॉटरप्रूफ पापुद्रा, घोट्यापर्यंतची उंची, गेटर्स आणि थोडा कडक तळ यांवर पैसे खर्च करावेत. बूट घट्ट नसावा, कारण दबलेल्या पायात रक्त कमी पोचतं आणि थंडी आधी तिथे लागते. हिवाळी केदारकांठासाठी सांक्रीत बूट भाड्यानेही मिळतात. घेताना आपले मोजे घालून, दोन्ही पायांत, चालून पाहावेत.

शेवटी सोल. ऐन वाटेवर तळ उघडून जिभेसारखा लोंबायला लागणं हा सह्याद्रीतला नेहमीचा प्रसंग आहे, आणि तो बहुधा फार न वापरलेल्या बुटांच्या बाबतीत घडतो. अनेक बुटांच्या मधल्या थरात पॉलियुरेथेन असतं. दमट हवेत ते वर्षानुवर्षं पाणी शोषून आतल्या आत विघटित होतं. मुंबई-कोकणातल्या हवेत, माळ्यावर खोक्यात ठेवलेले पाच-सहा वर्षांचे ‘नवेकोरे’ बूट पहिल्याच चढाला चुरा होऊन पडतात. ट्रेकच्या आधी आठवडाभर बूट बाहेर काढावेत, तळ हाताने वाकवून पाहावेत, मधल्या थराला भेगा दिसल्या किंवा दाबल्यावर भुगा पडला तर ते टाकून द्यावेत. भिजलेले बूट शेकोटीपाशी किंवा कडक उन्हात ठेवू नयेत, डिंक सुटतो. वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवावेत आणि बोळे दोन-तीनदा बदलावेत.

जाळीदार साधा जोडा नवा असतानाच कोपऱ्यावरच्या गटई कामगाराकडून सोलभोवती नायलॉनच्या दोऱ्याची शिलाई मारून घ्यावी. काम अर्ध्या तासाचं आहे आणि नुसत्या डिंकावर चिकटलेला सोल त्यामुळे कितीतरी जास्त टिकतो. वॉटरप्रूफ बुटाला मात्र अशी शिलाई मारू नये, सुई पापुद्रा फोडते. सॅकच्या कप्प्यात दोन मीटर बारीक नायलॉनची दोरी, पाण्याच्या बाटलीभोवती गुंडाळलेली थोडी डक्ट टेप आणि दोन-चार प्लास्टिकचे केबल टाय असू द्यावेत. सोल सुटलाच तर दोरी बुटाच्या पुढच्या भागावरून घेऊन घोट्यामागे बांधायची. तळाखाली गाठ येऊ द्यायची नाही, आणि दर अर्ध्या तासाने दोरी झिजली का ते पाहत पायथ्याच्या गावापर्यंत उतरायचं.